पावतीचा नंबर कुठे पडतो

प्रश्न असा आहे: "सर, मी खानापूर तालुक्यातली. २०२४ ला बेळगावातून कॉम्प्युटर सायन्स घेऊन बी.ई. झाले आणि टिळकवाडीतल्या एका लहान कंपनीत लागले. सोसायट्यांची आणि डेअऱ्यांची सॉफ्टवेअर करतो आम्ही. आता बहुतेक कोड एआयकडूनच लिहून घेते. काम भराभर होतं, खरं मला स्वतःला काही येतंय असं वाटत नाही. कुठली लँग्वेज शिकू? बेंगळूरला किंवा पुण्याला जायलाच पाहिजे का? या धंद्यात कसब असं काही राहिलंय का?"

राहिलंय. ते कुठे राहिलंय हे आधी सांगतो, मग लँग्वेजचं आणि बेंगळूरचं बघू.

मी २००१ पासून बेळगावात हेच काम करतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या हजेरी-पगारापासून सुरुवात झाली, फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये. नंतर पतसंस्था, दूध डेअऱ्या, अडत दुकानं. आज मला जे येतं त्यातलं बरंचसं जांबोटी भागातल्या एका प्रकरणात शिकलो, म्हणून तेच आधी सांगतो.

पिग्मी तुला माहीत आहेच. एजंट दुकानोदुकानी, टपरीटपरीवर फिरून रोजचे वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करतो आणि खात्यावर भरतो. १९२८ मध्ये उडुपीकडे सिंडिकेट बँकेच्या टी. एम. ए. पै यांनी ही पद्धत सुरू केली आणि आपल्याकडे ती इतकी मुरली की रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाची बचत म्हणजे पिग्मीच. आमच्या एका गिऱ्हाईक सोसायटीचे एजंट जांबोटी, कणकुंबीपर्यंत जायचे. त्यांच्या हातातली जुनी मशीन जाऊन मोबाईल आले तेव्हा त्यावरचं अ‍ॅप मी लिहिलं. रेंज नसली तर नोंद मोबाईलमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवायची, रेंज आली की सर्व्हरला पाठवायची. सर्व्हरकडून "मिळालं" असं उत्तर आलं की त्या नोंदीवर "गेली" अशी खूण करायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायची. वाचायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. टिळकवाडीत, शहापुरात, कॅम्पात पंधरा दिवस वापरून बघितलं, एक पैसा चुकला नाही.

मग पाऊस लागला. घाटाकडच्या पावसात रेंज येते-जाते, येते-जाते. एका संध्याकाळी सोसायटीतून फोन आला, एका एजंटाची रोकड सातशे रुपयांनी कमी आहे. मी गेलो. वयस्कर माणूस, पन्नाशी उलटलेला, रेनकोट अंगावर तसाच. अ‍ॅप दिलं असलं तरी तो प्रत्येक जमा खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीने लिहीत होता, कुणी न सांगता. रोकड कमी पडली की ती त्याच्या कमिशनातून कापली जाते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हे काम करालोय. माझी डायरी आणि माझी रोकड मिळते. तुमचं मशीन काय म्हणालंय ते तुम्ही बघा."

एका बाजूला डायरी आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हरवरचं टेबल घेऊन आम्ही ओळीला ओळ लावत बसलो. एका चहाच्या टपरीचं खातं. डायरीत शंभर रुपये, एकदा. टेबलात शंभर रुपये तीनदा: ११:४२, ११:४३, ११:४५. बाकीच्या फरकाचाही असाच हिशोब लागला. डायरी खरी होती.

झालं होतं असं. नोंद सर्व्हरला पोचली, सर्व्हरने जमा करून घेतली, "मिळालं" म्हणून उत्तरही पाठवलं, आणि ते उत्तर परत यायच्या आत रेंज गेली. अ‍ॅपला वाटलं नोंद पोचलीच नाही. त्याने पुन्हा पाठवली. सर्व्हरला वाटलं नवीन जमा आली. उत्तर आलं नाही याचे तीन अर्थ होतात: निरोप पोचलाच नाही, पोचला पण काम झालं नाही, किंवा काम झालं आणि फक्त उत्तर हरवलं. पाठवणाऱ्याच्या बाजूने तिन्ही सारखेच दिसतात. मी पहिलाच अर्थ धरून चाललो होतो आणि तो कोडमध्ये कुठे लिहिलेलाही नव्हता. लिहिलेला असता तर कुणीतरी बोट ठेवलं असतं.

त्या रात्री मी जी दुरुस्ती केली ती चुकीची होती, तीही सांगतो. "त्याच खात्यावर तेवढीच रक्कम पाच मिनिटांत पुन्हा आली तर घेऊ नये" अशी अट घातली. चार दिवसांनी एका किराणा दुकानदाराची तक्रार आली. त्याने पन्नास भरले, बायको आतून आली, तिने आपल्या शिलकीतले पन्नास त्याच खात्यावर भरले. दुसरे पन्नास माझ्या अटीने गिळले. आधी लोकांचे पैसे नसताना वाढत होते, आता असताना गायब झाले, आणि हे जास्त वाईट.

उत्तर सापडलं ते सोसायटीच्या कपाटात. मोबाईल यायच्या आधीचं एक पावतीपुस्तक कॅशियरने सहज काढून दाखवलं. प्रत्येक पावतीवर नंबर आधीच छापलेला. पावती फाडली त्या क्षणी तिला नंबर असतो. ती ऑफिसात आज पोचो, उद्या पोचो, चुकून दोनदा दाखवली जावो, नंबर तोच. मी नंबर देत होतो सर्व्हरवर, म्हणजे पावती ऑफिसात पोचल्यावर. त्यामुळे तीच पावती तीनदा पोचली की तिला तीन नंबर पडत होते. मग बदल केला: एजंटाने "सेव्ह" दाबलं की मोबाईलमध्येच एक कधीही पुन्हा न येणारा नंबर तयार व्हायचा, तो नोंदीबरोबर जायचा, आणि सर्व्हरच्या टेबलात त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच नंबर दोनदा बसू न देणारी अट. तोच नंबर पुन्हा आला तर नवीन जमा करायची नाही, पहिल्या वेळी दिलेलं उत्तरच परत द्यायचं. नवऱ्याचे पन्नास आणि बायकोचे पन्नास यांचे नंबर वेगळे, म्हणून दोन्ही जमा. एकच शंभर तीनदा आले तर नंबर एक, म्हणून एकदाच. या गुणाला आपल्या धंद्यात आयडेम्पोटन्सी म्हणतात. शब्द मला आधीही माहीत होता, पावतीपुस्तक बघेपर्यंत अर्थ माहीत नव्हता.

आणि आधी पडलेल्या दुबार नोंदी? माझा हात डिलीटकडे गेला होता. सोसायटीच्या जुन्या अकाउंटंटनी अडवलं. कीर्दीत खोडरबर चालत नाही, चुकलेल्या नोंदीची उलट नोंद करायची आणि शेजारी कारण लिहायचं. प्रत्येक दुबार नोंदीची उलट नोंद केली. पुढच्या ऑडिटला त्यावर प्रश्न आला तेव्हा उत्तर टेबलातच होतं.

आता तुझ्या एआयकडे येतो. तू त्याला "ऑफलाइन सिंक लिहून दे" म्हटलंस तर ते चांगला कोड देईल, माझ्या त्या वेळच्या कोडपेक्षा नीटनेटका. नीट विचारलंस तर आयडेम्पोटन्सी कीसुद्धा घालून देईल. पण विचारायचं कधी, हे कळायला उत्तर हरवू शकतं याची कल्पना तुझ्या डोक्यात आधी असावी लागते. कणकुंबीला पावसात रेंज कशी वागते, कमी पडलेली रोकड कुणाच्या खिशातून जाते, नवरा-बायको एकाच खात्यावर भरतात, यातलं काहीही तुझ्या प्रॉम्प्टमध्ये आपोआप येत नाही. ते तूच आणायचं असतं. कसब राहिलं आहे ते इथे.

असाच दुसरा प्रकार नावांचा, आणि तो आपल्या भागाचा म्हणून जरा तपशिलात सांगतो. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव पहाणीवर (कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर) कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि आधारवर इंग्रजीत असतं. एका संस्थेला कन्नड यादीवरून मराठी यादी करून हवी होती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक मांडणीत, एक सोय आहे. १९८८ च्या इस्की या भारतीय मांडणीत आपल्या लिप्यांची अक्षरं एकाच क्रमाने बसवली होती, युनिकोडने तोच क्रम उचलला. त्यामुळे देवनागरी 'क' चा नंबर २३२५ आणि कन्नड 'क' चा ३२२१, फरक ८९६. 'ग' घे, 'ळ' घे, काना घे, फरक ८९६ च. म्हणजे कन्नड मजकुरातल्या प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा करा, देवनागरी तयार! आमच्या एका मुलाने तीन ओळींत हे केलं आणि स्क्रीनवर यादी छान दिसली.

दोन दिवसांनी तक्रार आली की बेळगावी लिहून शोधलं तर एकही माणूस येत नाही. कन्नडमध्ये एकार दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. 'बेळगावी' कन्नडमध्ये लिहिताना 'ब' वर ऱ्हस्व एकार असतो आणि शेवटचा 'वि'ही ऱ्हस्व. ८९६ वजा केल्यावर तयार होतं 'बॆळगावि'. नीट बघ, 'ब' वरची मात्रा आपली नेहमीची नाही. देवनागरीच्या तक्त्यात द्राविडी भाषांसाठी ठेवलेली ती ऱ्हस्व मात्रा, नंबर २३७४. आपली मात्रा २३७५. लहान स्क्रीनवर फरक डोळ्यांना जवळपास दिसत नाही, कॉम्प्युटरला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. ओकाराचंही तेच. शिवाय कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारतात, आपण नाही, त्यामुळे मराठी नावं उलट दिशेने नेताना आणखी वेगळा विचार लागतो.

मराठीच्या आतही असा खड्डा आहे. 'कऱ्हाडकर' मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करायची सोय) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते बदल आपणच करावे लागतात. काउंटरवरच्या क्लार्कने एका प्रकारे लिहिलं, एजंटाने मोबाईलवर दुसऱ्या प्रकारे शोधलं, सापडलं नाही, नवीन खातं उघडलं. एका म्हातारीची दोन खाती झाली आणि व्याज दोन ठिकाणी पडू लागलं. माणसाचं नाव हा डेटाबेसमधला एक स्ट्रिंग कॉलम आहे असं मला आता म्हणवत नाही. सीमाभागात नाव कुठल्या लिपीत, कसं लिहिलंय यावर माणसांची कामं अडतात. ते जसं आहे तसं सांभाळणं मी माझं काम मानतो: मूळ नोंद हात न लावता ठेवायची, शोधासाठी वेगळा, साफ केलेला कॉलम करायचा, आणि लिप्यंतर केलेलं नाव माणसाने वाचून होय म्हटल्याशिवाय पक्कं करायचं नाही.

आणखी दोन पटकन सांगतो, तू सोसायट्यांचं आणि डेअरीचं काम करतेस म्हणून. जमिनीचं क्षेत्र '१.२५' असं लिहिलेलं दिसलं तर ते सव्वा एकर आहे की एक एकर पंचवीस गुंठे, आधी विचार. चाळीस गुंठ्यांचा एकर. १ एकर २५ गुंठे आणि २ एकर ३० गुंठे मिळून होतात ४ एकर १५ गुंठे. दशांश बेरीज सांगते ३.५५. हा कोड मी स्वतः तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितला आहे. गुंठ्यांतच साठव, दाखवताना एकर कर. रुपयांचंही तेच, पैशांतच साठव. आणि सर्व्हर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) वेळेवर असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्याकडे कालची तारीख असते. पहाटे पाचला घातलेलं दूध आदल्या दिवसाच्या बिलात जातं. महिनाअखेरीला पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे लिटर जुळत नाहीत आणि मग सगळे फॅटच्या मशीनवर संशय घेतात.

लँग्वेज कुठली? मी फॉक्सप्रो शिकलो, व्हीबी शिकलो, पीएचपी, डॉटनेट, मग जावास्क्रिप्टच्या चार-पाच पिढ्या. फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये बंद केला. त्यातल्या कमांड आता आठवतही नाहीत, पण तेव्हा आखलेली टेबलं काही संस्थांत अजून चालू आहेत, वरचं सॉफ्टवेअर तीनदा बदलून. माहिती टेबलांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलं १९७० मध्ये, त्या टेबलांना प्रश्न विचारायच्या भाषेची, एसक्यूएलची, सुरुवात १९७४ ची. पन्नास वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या धंद्यात विरळा. म्हणून एसक्यूएल खोलात शीक. ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, इंडेक्स कधी उपयोगी पडतो, दोन माणसांनी एकाच क्षणी एकच खातं बदललं तर काय होतं, हे हाताने करून बघ. त्याच्या वर एक लँग्वेज, तुझ्या ऑफिसात जी चालते ती, पण अशी की त्यात एरर आली तर पूर्ण मेसेज वाचून कारण सांगता यावं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही नुसतं पुश-पुल एवढंच वापरू नकोस. 'बायसेक्ट' शीक. हजार बदलांपैकी बिघाड कुठल्या बदलाने आला हे ते दहा पायऱ्यांत दाखवतं, कारण दर पायरीला शिल्लक निम्मी होते.

एआय वापरू नको असं मी सांगणार नाही. मी रोज वापरतो. माझी पद्धत एवढीच: त्याला काही विचारायच्या आधी वहीत पाच उदाहरणं लिहितो, उत्तरांसकट. व्याजाचा हिशोब असेल तर पाच खाती, त्यातलं एक महिन्याच्या मधेच बंद झालेलं, एक लीप वर्षातलं, एक शून्य शिलकीचं. व्याज स्वतः काढतो. मग कोड मागवतो आणि ती पाच उदाहरणं त्याला लावतो. उदाहरणं त्यालाच काढायला सांगितली तर कोडमधला गैरसमज उदाहरणांतही उतरतो, आणि दोन्ही एकमेकांशी छान जुळतात. पाचवं उदाहरण लिहिताना पेन अडलं, म्हणजे उत्तर काय हवं हेच मला माहीत नसतं. तेव्हा मी फोन उचलून अकाउंटंटला विचारतो. दिवसातलं सगळ्यात उपयोगाचं काम कित्येकदा तो फोन असतो. आणि आलेला कोड मी ओळ न ओळ वाचतो. ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ठेवत नाही. तुला "काही येत नाही" असं वाटतं ते इथून वाटतंय असं मला दिसतं. न वाचता पुढे गेलेल्या ओळी साठत जातात आणि त्यांचं ओझं होतं. आठवड्यातून एक स्क्रीन एआयशिवाय लिही. वेळ लागेल. सिनियर ओरडतील, तर शनिवारी घरी लिही.

बेंगळूरचं उत्तर मी एका गोष्टीवर ठरवीन: तिथे तुझा कोड कोण वाचणार आहे? तुझ्यापेक्षा जास्त येणारा माणूस रोज तुझा कोड वाचून "हे असं का?" विचारणार असेल तर खुशाल जा, दोन-तीन वर्षं राहा, पगाराकडे बघू नकोस. मोठ्या बिल्डिंगमध्ये बसून तेच स्क्रीन करायचे असतील तर खानापूरहून रोजची बस बरी. इथे एक गोष्ट मिळते जी तिथे सहसा मिळत नाही. ज्याच्यासाठी लिहितेस तो माणूस अर्ध्या तासावर असतो. महिन्यातून एकदा एजंटाबरोबर फिर, पहाटे एकदा डेअरीवर उभी राहा, क्लार्कच्या मागे बसून तो तुझं स्क्रीन कसं वापरतो ते न बोलता बघ. कुठल्या बटणाला तो घाबरतो ते कळेल. तुझा कोड वाचणारं इथे कुणी नसेल तर कंपनीतल्या दुसऱ्या मुलाचा कोड तू वाच आणि तुझा त्याला वाचायला दे. दोघंही नवखे असलात तरी चालतं.

या आठवड्यात एक कर. तुमच्या ऑफिसात मोबाईलवरून नोंद पाठवणारं एखादं अ‍ॅप असेलच. टेस्ट सर्व्हरवर, नोंद जमा झाल्यानंतर आणि उत्तर पाठवायच्या आधी, दहा सेकंद थांबायची एक ओळ घाल. मोबाईलवर सेव्ह दाब, चार-पाच सेकंदांनी फ्लाइट मोड चालू कर. मिनिटभर थांब, फ्लाइट मोड काढ, अ‍ॅपला पुन्हा पाठवू दे. मग टेबल उघड आणि त्या एका जमेच्या किती ओळी पडल्यात ते मोज. एकच असेल तर ती एकच का आहे ते कोडमध्ये शोध. जास्त असतील तर सिनियरला दाखवायच्या आधी खऱ्या टेबलाचा एखाद्या एजंटाच्या डायरीशी ताळा घालून बघ.